धूलकोट रस्त्याचा पडदा

आमच्या गावातनं बुऱ्हाणपूरला जाऊन आलेला माणूस माझ्याशिवाय दुसरा नाही. म्हणून लोक विचारतात, किल्ला कसा आहे? किल्ला मी बघितला नाही. लांबून भिंत दिसली तेवढी. केळी बघितली, कारण केळी न बघता तिथं राहताच येत नाही. मी गेलो होतो एका पडद्यासाठी. त्याचंच सांगतो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढचं सगळं सिनेमाच्या मशीननं शिकवलं. टुरिंग टॉकीजचा तंबू जत्रेजत्रेतनं फिरायचा, त्यात मी मशीन चालवायचो. मधोमध पडदा. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. मागून सगळं उलटं दिसतं, हे ज्यांनी तंबू बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नायक उजव्या हातानं जेवत असेल तर मागच्यांना डावखुरा दिसणार. माझी बायको सरू कंपनीचा स्वयंपाक करायला बरोबर असायची आणि रोज त्या उलट्या बाजूला बसायची. मी तिला चिडवायचो, "तू जन्मभर डावखुरेच बघितलेस."

तिची एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. तेव्हा मशीनमध्ये कोळशाच्या कांड्या जळायच्या. हातानं त्या पुढं सरकवत राहावं लागायचं, नाही तर दिवा तांबडा पडायचा. मला डुलकी लागली की कांड्या मागं राहायच्या. पण पुढच्या लोकांनी शिट्ट्या मारायच्या आत सरू कपबशी घेऊन केबिनच्या दारात हजर. एकदा विचारलं, तुला कसं कळतं? म्हणाली, "तुम्ही दिसता की मला." म्हटलं, मी केबिनमध्ये, तू तंबूच्या त्या टोकाला, मधे पडदा. तुला काय दिसतंय डोंबल! ती हसली आणि कपबशी घेऊन गेली.

ती गेल्याला आता चार वर्षं झाली.

तिची धाकटी बहीण शांता बुऱ्हाणपूरकडं दिली होती. शांताचा नवरा गणपत, म्हणजे माझा साडू, तिकडं कागदाच्या कारखान्यात होता. त्यानं धूलकोटच्या रस्त्याला थोडं रान घेतलं आणि केळीच्या मधोमध उघड्यावर टॉकीज काढलं. ना तंबू, ना खुर्च्या. लोकांनी बैलगाडीत बसून यायचं आणि गाडीतच बसून बघायचं. सरूनं किती वेळा म्हटलं, चला, बघून येऊ. मी गेलो नाही. मी दुसऱ्याच्या मशीनवर नोकर आणि साडू मालक, हे मला सोसत नव्हतं. म्हणायचो, "बैलांना दाखवायचा सिनेमा मला नाही बघायचा." गणपत वारला तेव्हाही पायाचं दुखणं पुढं केलं. खोटं कशाला बोलू, पाय दुखत नव्हता.

आणि ह्या दिवाळीनंतर शांताचा फोन आला. "दाजी, संजू पडदा काढून पत्रा ठोकतो म्हणतोय. तुम्ही या. तुमचा शब्द तो मोडणार नाही."

मला वाटलं, चला, शेवटी मशीनवाल्याचीच गरज लागली. निघालो.

मळा

शांताचा मुलगा संजू स्टेशनवर घ्यायला आला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडात सुपारी. पाया पडला आणि म्हणाला, "मौसाजी, तुम्ही टेंशन नका घेऊ. पत्रा एकदम सही डिसिजन आहे. मम्मीला फक्त समजवा."

म्हटलं, "मला अजून चहा पण दिला नाहीस आणि निकाल मागतोस?"

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. केळीची दाट भिंत, तिच्यात बैलगाडी जाईल एवढी वाट, आणि आत एकदम मोकळं मैदान. मैदानाच्या एका टोकाला सागाचे दोन खांब, त्यांच्यामधे पडदा. दुसऱ्या टोकाला विटांची केबिन. पडद्याच्या पलीकडं उतरता बांध, गवताचा.

इथला नियम ऐकून मी आधी हसलो. तिकीट माणसाला नाही, चाकाला. बैलगाडी आली तर दोन चाकं, ट्रॅक्टर आला तर चार, मागची ट्रॉली असेल तर तिची वेगळी. आत दहा माणसं असोत नाही तर पंचवीस. आणि जो पायी आला त्याला चाकच नाही, म्हणून तिकीटही नाही. त्यानं पलीकडच्या बांधावर बसून मागून बघायचं. मजुरी करणाऱ्या बायका, म्हातारे, सगळे तिकडं. संजू म्हणाला, "मौसाजी, लोक सायकल केळीत लपवून पायी येतात! शोच्या टाइमला बघा, एका एका झाडाला सायकल लागलेली असते."

आता बैलगाड्या दोनचारच येतात. बाकी ट्रॅक्टर. तेही येतात ते उलटे. मागं मागं घेत ट्रॉली पडद्याकडं करायची, फाळका पाडायचा, गाद्या टाकायच्या, घरदार त्यात. सगळी वाहनं पडद्याला पाठ करून आणि सगळी माणसं पडद्याकडं तोंड करून. असं मी कुठं बघितलं नव्हतं. पण तसं बोललो नाही.

शांता ओसरीवर भरताची वांगी भाजत होती. सरूसारखंच कपाळ. मला बघून उठली, पदर डोळ्याला लावला, आणि लगेच म्हणाली, "या. बैलांचा सिनेमा बघायला सवड झाली वाटतं."

म्हणजे सरूनं सांगितलं होतं. मी पाय धुवायला गेलो.

जेवण बाकी सांगण्यासारखं. भरीत हिरव्या मिरचीचं, काळपट भाकरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची, वर कच्चं तेल. आमच्याकडं भाकरी पातळ, हिची जाड आणि खमंग. मी म्हटलं, आमच्याकडं भरतात इतकी मिरची घालत नाहीत. शांता म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडचे लोक इतके कडू बोलतात. तिखट पोटात जात नाही."

जेवताना भांडण समजलं. संजूचं म्हणणं, पडद्यावर पिक्चर मळकट दिसतो. नवं लॅपटॉपवरचं मशीन आणलं तरी मळकटच. ट्रॅक्टर कमी व्हायला लागलेत. पांढरा पत्रा ठोकला तर उजेड आरपार जाणार नाही, सगळा पुढं येईल. नाही केलं तर दोन वर्षांत इथं पण केळीच लावावी लागेल. पत्रे आणूनसुद्धा ठेवले होते, गोठ्याच्या भिंतीला टेकून.

"आणि मागचे?" शांतानं विचारलं.

"मम्मी, मागच्यांना पुढं बसव ना. मी कोणाला मना केलं?"

"ट्रॅक्टरच्या चाकाखाली बसू का?"

"मौसाजी, तुम्हीच बोला."

मी मशीनवाला. मला पुढचीच बाजू खरी, मागची म्हणजे उरलंसुरलं. संजू बरोबर आहे हे मला ताटावरच पटलं होतं. पण ताटावर निकाल देऊ नये, म्हणून म्हटलं, "उद्या पडदा हाताळतो, मग सांगतो."

तापी

सकाळी पडद्याला हात लावला आणि चमकलो. हे कापड नव्हतं. जाड, लोकरीचं, आणि एवढा मोठा पडदा पण कुठं शिवण नाही. शांता म्हणाली, "कारखान्यातलं फेल्ट आहे. कागदाचा लगदा ह्याच्यावरून जातो. झिजलं की मिल काढून टाकायची. ह्यांनी मागून आणलं." झिजून झिजून ते उजेड आरपार जाईल एवढं पातळ झालेलं. असा अखंड पडदा आमच्या कंपनीच्या मालकाला पण मिळाला नव्हता. आमचा सात ठिकाणी शिवलेला, नायिकेच्या गालावरनं शिवण जायची.

पण रंग? बिडीचा धूर, ट्रॅक्टरचा धूर, धूळ. चहाच्या फडक्यासारखा.

"धुतला कधी होता?"

दोघं मायलेक माझ्याकडं असे बघायला लागले की जणू देवाची मूर्ती भट्टीत घालू का म्हणून विचारलं.

"कधीच नाही," संजू म्हणाला. "पापांनी सांगून ठेवलं होतं, पडद्याला पाणी लागू द्यायचं नाही. पावसाळ्यात उतरवून माळ्यावर ठेवायचो. एक थेंब नाही लागू दिला, मौसाजी."

"का पण?"

"लोकर आहे. आटेल."

मी शांताला विचारलं, "कारखान्यात हे कोरडं असायचं का ओलं?"

ती बोलायला लागली आणि मधेच थांबली. हातातला झारा तसाच. "अग बाई," म्हणाली. "तिथं तर चोवीस तास ओलंच असायचं. लगदा म्हणजे पाणीच की. हे घरी यायचे तर चपला पचपचलेल्या असायच्या."

पाण्यात जन्म काढलेल्या वस्तूला ह्यांनी सगळी वर्षं पाण्यापासून जपलं होतं. साडू मला मनापासून आवडला तो त्या क्षणी. इतकं जपणारा माणूस मूर्ख असला तरी मोठा असतो.

म्हटलं, "पत्र्याचं नंतर. आधी धुवायचा."

संजूला ते पटलं नाही, पण माझा शब्द मोडायचा नाही असं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी पडदा ट्रॉलीत घालून तापीवर नेला. बांधावर बसून फुकट बघणाऱ्या बाया बोलवाव्या लागल्या नाहीत, आपल्या आपण आल्या, दहाबारा जणी. रिठे रात्री भिजवलेले. धोपटायचं नाही, पिळायचं नाही, एवढं मी सांगितलं. त्यांनी उथळ पाण्यात खडकावर पडदा पसरला आणि लुगडी खोचून त्यावर नाचायलाच लागल्या. पाणी आधी काळं, मग तांबडं, मग चहासारखं. एक म्हातारी म्हणाली, "ह्यातनं किती नायिका वाहून चालल्यात बघा!" दुसरी म्हणाली, "व्हिलन पण चालले. जाऊ दे."

कंबर धरून मी काठावर बसलो होतो. शांता पाण्यात उभी, सगळ्यांत जास्त जोर तिचा.

ओला पडदा मळ्यात परत आणला. आता आटण्याची भीती खरी होती. ओली लोकर ताणून वाळवली तर आटत नाही, हे बायकांना घोंगड्यांमुळं ठाऊक. पण एवढा पडदा ताणणार कोण? तर रोजचे बघणारे चार ट्रॅक्टर आणले. पडद्याच्या काठांत बांबू ओवलेले होतेच, त्यांना चार कोपऱ्यांवर दोर, आणि चारी दिशांना चार ट्रॅक्टर. मी मधे उभा राहून हात वर करायचो, ते बोट बोट पुढं सरकायचे. मैदानाच्या वर पांढरं आभाळ ताणावं तसा पडदा तरंगायला लागला. मला माझाच अभिमान वाटला. तेवढ्यात एका पोराचा क्लच सुटला.

आवाज असा आला की सगळ्यांनी आपापले कपडे बघितले. खालच्या कोपऱ्यापाशी हातभर फाटला.

शांता खालीच बसली. संजूनं गोठ्याला टेकलेल्या पत्र्यांकडं बघितलं ते मी बघितलं. आणि हात वर करणारा मी होतो.

इतवारा

दोन दिवस तो चार ट्रॅक्टरांच्या मधे वाळला. ज्यांचे ट्रॅक्टर अडकले त्यांच्या घरून कुरकुर आली, पण ट्रॅक्टर कोणी हलवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संजूला म्हटलं, रफूवाला शोध. तो म्हणाला, "मौसाजी, पडद्याला कोण रफू करतं?" म्हटलं, "शालीला करतात ना? ही मोठी शाल."

इतवाऱ्यात गेलो. जुन्या गावातली अरुंद गल्ली, यंत्रमागांची खडखड भिंतीतून येते, बोलायचं तर ओरडून. तिथं एका पायरीवर चष्म्याला दोरा बांधलेले एक चाचा शालीवर वाकलेले. संजूनं फेल्टचा तुकडा दाखवला, सगळं सांगितलं. चाचांनी तुकडा नाकाला लावला.

"गणपतभाऊ का परदा?"

"जी."

"जवानी में बहोत देखा. पीछे से." मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, "सायकल केळीत ठेवायचो. आता चोरी कबूल केली, घेऊन चला."

पिशवीत सुया टाकून लगेच निघाले. जाताना त्यांनी मावा जलेबी खायला लावली. आमच्याकडची जिलेबी म्हणजे केशरी, कुरकुरीत, हाताला चिकटणारी. ही काळसर, जाड, मऊ, एकीत पोट भरतं. मी म्हटलं, आमच्याकडं ह्याला जिलेबी म्हणणार नाहीत. चाचा म्हणाले, "मत बोलो. खाओ." दोन खाल्ल्या. तिसरी शांतासाठी कागदात बांधून घेतली, तेव्हा संजू गालात हसला.

चाचा दिवसभर ताणलेल्या पडद्याखाली उताणे पडून टाके घालत होते, फाटल्या काठातलेच धागे उसवून. संध्याकाळी कपडे झटकून म्हणाले, आता शोधून दाखवा. मी बोटानं चाचपलं तेव्हा सापडलं, डोळ्यांना नाही.

बांध

खेळ लावला शनिवारी, दिवस मावळता मावळता. देडतलाईहून सुद्धा एक पिकअप भरून आली, पडदा धुतल्याची बातमी तिथपर्यंत गेलेली. ट्रॅक्टर मागं मागं येत लागले, फाळके पडले, शेंगा निघाल्या. दोन बैलगाड्या आल्या, बैल सोडून पलीकडं केळीच्या पाल्यावर बांधले, पडद्याकडं पाठ करून. उजेडानं बुजतात म्हणून. म्हणजे बैलांना सिनेमा कधी दाखवलाच नव्हता. मी उगाच बोललो एवढी वर्षं.

संजूनं मशीन लावलं आणि पुढच्या ट्रॉल्यांतून एकदम "ओऽऽ" असा आवाज उठला. पांढरं ते पांढरं, काळं ते काळं. कोणीतरी ओरडलं, "संजूभाई, नवा पडदा कधी घेतला?"

पुढची बाजू बघून झाली. पत्रा ठोकला तर ह्याहून उजळ होईल हेही खरं होतं, ते मी नाकारत नाही. संजू केबिनमधून खूण करत होता, सांगा. म्हटलं, न्यायाला बसलोय तर दुसरी बाजूही बघावी. पडद्याला वळसा घालून बांधावर गेलो.

सगळ्या आयुष्यात मी पडद्याच्या मागं पहिल्यांदा बसलो. बायकांनी सरकून जागा दिली. शांता घोंगडी पांघरून बसली होती, शेजारी मला पोतं टाकलं. पिक्चर जुना हिंदी, दोन भावांचा. नायक डाव्या हातानं जेवत होता. पण सगळं जरा मऊ दिसत होतं, साईतून बघावं तसं.

आणि मधोमध एक ठिपका. ताऱ्याएवढा, स्थिर. माणसं हलत होती, झाडं हलत होती, नायिकेच्या कपाळावरून, भावाच्या छातीवरून सगळं सरकत होतं, पण ठिपका जागचा हलत नव्हता.

"हे मधे काय चमकतंय?" मी विचारलं. "पडदा विरला का तिथं?"

शांता माझ्याकडं बघायला लागली. "दाजी, तुम्ही मशीन चालवायचा ना?"

"मग?"

"मग हे ठाऊक नाही? तो मशीनचा दिवा. इकडून पडद्यातनं दिसतो. पुढून नाही दिसत, पुढच्यांची पाठ असते मशीनकडं." तेवढ्यात ठिपका क्षणभर मिटला आणि परत लागला. "तो बघा, संजू पुढून गेला. आता पाणी प्यायला गेला असेल." मग घोंगडी नीट करत म्हणाली, "पिक्चर कोणाला बघायचाय? हे होते तेव्हा ह्यांना बघायचे, आता पोराला बघते. ताईनंच शिकवलं मला. लग्नाआधी तुमच्या तंबूत आले होते एकदा, तेव्हा म्हणाली, नायक नको बघू. तो मधला दिवा बघ. तो तांबडा पडला की दाजी पेंगले, चहा टाकायला उठायचं."

पडद्याकडं बघत राहिलो. दोघे भाऊ भेटले का नाही, मला माहीत नाही.

केबिन

मध्यंतराच्या आधी उठलो आणि केबिनमध्ये गेलो. संजू स्टुलावर. जुनं मशीन कोपऱ्यात चादर घालून ठेवलेलं, त्यावर हार.

"बोला मौसाजी. तुमचा शब्द फायनल. काय करू पत्र्यांचं?"

"गोठ्यावर टाक. गोठा गळतोय."

"मागून तो दिव्याचा डाग दिसतो, ते बघितलं ना तुम्ही? लोक नाव ठेवतात."

"बघितला. राहू दे."

"पण का?"

"आणि दर दिवाळीला पडदा धुवायचा. ट्रॅक्टर सावकाश ओढायला सांग. मी येईन हात वर करायला."

"म्हणजे पत्रा नाही."

"नाही."

तो उसासा टाकून हसला. "मम्मीच्याच पार्टीत गेला तुम्ही." आणि बाहेर कोणाशी तरी बोलायला दारात उभा राहिला.

मी मशीनजवळ एकटा. त्याच्या भिंगापुढं हळूच तळहात धरला. पुढं अंधार झाला, ट्रॉल्यांतून शिट्ट्या आल्या. संजू दचकून वळला, "अरे, मौसाजी!" मी हात काढला. म्हटलं, चुकून लागला.

पिक्चर पुढं चालू झाला. एक गाणं संपलं असेल नसेल, केबिनच्या दारात बांगड्या वाजल्या. शांता उभी होती, हातात कपबशी, वाफ येत होती. मैदानाला वळसा घालून दव पडलेल्या गवतातनं आली होती, पायाला काडीकचरा.

"घ्या दाजी," म्हणाली. "डुलकी लागली वाटतं."

मी कपबशी घेतली. चहात साखर फार होती. आमच्याकडं इतकी घालत नाहीत. सरू घालायची, माहेरची सवय म्हणून, आणि मी रोज नाव ठेवायचो.

बशीत ओतून सगळा प्यालो.